दोन फुटांची वाट

मास्तरने चार महिन्यांत एकतीस खोल्या पाहिल्या आणि एकतीसही मोजल्या. खोली घ्यायची नाही हे उंबऱ्यातच ठरलं तरी मोजायचीच. गळ्यात टेप असली की हात स्वस्थ बसत नाहीत, आणि तिच्या गळ्यात ती गेली बावीस वर्षं होती.

शिवणाच्या धंद्यात कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात. कापणारी बाई असली तरी मास्तरच, वेगळा शब्द काढायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. गावातलं शिवणाचं दुकान बंद पडलं तशी ती या शहरात आली. इथे हॉटेलांचे नि इस्पितळांचे गणवेश शिवणारा मोठा कारखाना होता. पगार गावाच्या दुप्पट. भाडी मात्र गावाच्या सहापट आहेत, हे पगार सांगणाऱ्याने सांगितलं नव्हतं. ते कुणीच सांगत नाही, ते ज्याचं त्याने येऊन बघायचं असतं.

मागे गावात नवरा, बारा वर्षांची लेक आणि सासू होती. नवरा सुतार, आणि घरातसुद्धा सगळे त्याला सुतारच म्हणत. लेकीचं नाव शाळेत काहीही असो, घरात ती पोपट, कारण तिचं तोंड झोपेतच काय ते मिटायचं. निघताना मास्तर म्हणाली होती, "चार महिन्यांत सगळ्यांना नेते." बायकांच्या वसतिगृहातल्या एका खाटेवर झोपून ती रोज तो शब्द आठवत असे. त्यात गावातल्या घरमालकाने घर विकलं आणि महिनाअखेर रिकामं करा म्हणून सांगितलं. म्हणजे आता मागे जायलाही घर नव्हतं.

खोल्या काय एकेक होत्या! एकीची खिडकी शेजाऱ्याच्या न्हाणीघरात उघडत होती. एकीत अंघोळ करायची तर कोपर बाहेर ठेवावं लागलं असतं. एका दलालाने विचारलं, "बाई, किती भाडं परवडेल?" तिने आकडा सांगितला. तो इतका वेळ हसला, की तेवढ्यात तिने त्याचं ऑफिस लांबी-रुंदीने मोजून घेतलं. तेसुद्धा चौघांना पुरलं असतं.

खोल्या दलालांच्या वहीत नसतात, इस्त्रीवालीच्या कानात असतात, हे तिला चौथ्या महिन्यात कळलं. कारखान्यातली इस्त्रीवाली म्हणाली, "मेट्रनबाईंच्या तळमजल्यावर एक खोली आहे. भाडं माणसासारखं आहे. पण बाई खडूस. पाच कुटुंबांना परत पाठवलंय."

"मग सहावं मी," मास्तर म्हणाली आणि जेवणाच्या सुट्टीत जेवण सोडून गेली.

मेट्रनबाई एका मोठ्या इस्पितळात तीस वर्षं वॉर्ड सांभाळून निवृत्त झाल्या होत्या. पाठ अजून ताठ. पूर्वी वरच्या मजल्यावर त्यांच्या बहिणीचं प्रसूतिगृह होतं, आणि ही खोली म्हणजे त्याचं चादरी-गाद्यांचं कोठार. लांबट, अरुंद, एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला चांगली मोठी खिडकी. बाहेर एक नळ आणि मोरी. मास्तरने टेप उलगडली. लांबी चौदा फूट, रुंदी सात. पहिल्यांदाच तिच्या मनात चार पलंग उभे राहिले.

"ही एकट्या माणसाची खोली आहे," मेट्रनबाई म्हणाल्या.

"आम्ही चौघं आहोत. बसू."

"बसायला काय, पोत्यात बटाटेही बसतात." बाई दारातून आत आल्या. "माझ्या वॉर्डात दोन खाटांमध्ये दोन फूट मोकळे नसतील तर मी डॉक्टरालाही आत घेत नव्हते. कुणी आजारी पडलं, धूर झाला, तर माणसाला उचलून बाहेर नेता आलं पाहिजे. लोक खोल्यांमध्ये सामान कोंबतात आणि मग स्वतः भिंतीला चिकटून जगतात. ते माझ्या घरात चालायचं नाही."

"दोन फूट वाट ठेवली तर?"

"चार बिछाने, सामान, आणि वर दोन फूट वाट?"

"आणि माझं कापायचं टेबल."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. बहुधा वेडी आहे की काय ते तपासलं असावं. मग म्हणाल्या, "भिंतीला खिळा मारायचा नाही. येत्या रविवारी चार वाजता मी येईन. दारापासून खिडकीपर्यंत सरळ चालत जाईन. अंग चोरावं लागलं, तर खोली तुमच्या एकटीची. बाकीच्यांची सोय तुम्ही बघा."

"घोडामैदान जवळच आहे," मास्तर म्हणाली. त्या दिवशी कापताना तिने एका डॉक्टराच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा बोलणी खाल्ली.

संध्याकाळी तिने सुताराला फोन लावला. डाव्या भिंतीला एकापुढे एक दोन दुमजली पलंग, रुंदी छत्तीस इंच, लांबी बहात्तर. उजव्या भिंतीला कपाट आणि टेबल, दोन्ही भिंतीपासून चोवीस इंच पुढे येणारी. चौऱ्याऐंशीतून साठ गेले, मध्ये चोवीस उरले. बरोबर दोन फूट. हा हिशोब तिने त्याला सांगितला नाही. सुताराला वस्तूचं माप पुरे, वाटेशी त्याला काय करायचंय!

आता इथे या दोघांची एक गोष्ट सांगायला हवी. कापड कापताना शिलाईसाठी कडेने थोडं जास्त सोडतात, आणि मास्तरला ती सवय इतकी जडली होती की ती दाराचं माप सांगतानाही दोन इंच वाढवून सांगायची. या वेळी मात्र तिने खोली तीनदा मोजली होती. जास्तीचं काही धरलं नव्हतं.

"अहो, नेमकं माप आहे हं," ती म्हणाली. "एक सूतही इकडेतिकडे नको."

"बरं," सुतार म्हणाला. सुताराच्या तोंडून दिवसाला वीस शब्द निघत, त्यातले दहा 'बरं' असत.

रविवारी अकरा वाजता ट्रक आला. पोपट उडी मारून उतरली आणि आईच्या कमरेला मिठी मारून गप्प उभी राहिली. गप्प! मग सुताराने ट्रकमधून आधी एक गोष्ट उतरवली आणि जमिनीवर ठेवली. चार पायांची, अॅल्युमिनियमची. त्यानंतर ड्रायव्हरने आणि त्याने मिळून सासूला उतरवलं. सासूने दोन्ही हातांनी ती चौकट धरली आणि टकटक करत चार पावलं पुढे आली.

"आई, हे काय?"

"वॉकर," सासू म्हणाली. "एवढी शहरात राहतेस आणि तुला वॉकर ठाऊक नाही?"

दोन महिन्यांपूर्वी ती अंगणात घसरली होती. मांडीच्या हाडात सळई घातली होती. "सुनेला कळलं तर ती खोली सोडून माझा पाय शोधत येईल," असं म्हणून तिने सगळ्यांची तोंडं बंद केली होती. फोनवर ती नेहमीसारखी बोलायची. बसून बोललेल्या माणसाचा पाय कुणाला दिसतो? सुताराचं एक ठीक, तो तसाही बोलत नाही. पण पोपटने दोन महिने चोच मिटून ठेवली, याचं मास्तरला राहून राहून नवल वाटलं. आणि रागही आला. चौघांवर सारखाच आला, त्यात एक ती स्वतः होती, कारण दोन महिन्यांत तिने एकदाही 'उभ्या राहा बघू' म्हटलं नव्हतं.

रडायला वेळ नव्हता. तिने गळ्यातली टेप काढली आणि वाकून वॉकरची रुंदी घेतली. साडेपंचवीस इंच.

वाट चोवीस.

तिने पुन्हा मोजली. लोखंड असो की अॅल्युमिनियम, दुसऱ्यांदा मोजल्याने ते काही आटत नाही.

सासूला आकडे कळत नव्हते, पण सुनेचा चेहरा कळत होता. "हे बघ," ती हळू आवाजात म्हणाली, "त्या बाईची अट तू फोनवर पोपटला सांगितलीस, ती तिनं मला सांगितलीय. माझं गाठोडं ट्रकमध्येच राहू दे. ड्रायव्हरला मी साडेचारपर्यंत थांबायला सांगितलंय. त्याच्या परतीच्या वाटेवरच थोरल्याचं घर आहे. तुम्हा तिघांना खोली मिळतेय, ती माझ्या एका पायापायी घालवू नका."

थोरल्याकडे सासू मागे एकदा वर्षभर राहिली होती. तिथे तिला कुणी वाईट बोललं नव्हतं. पण परत आली तेव्हा पहिले आठ दिवस ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारायची, "एक घोटभर चहा करून घेऊ का गं?" स्वतःच्या घरात! मास्तरला ते वाक्य अजून बोचत होतं.

"चारपर्यंत तुम्ही कुठेही जात नाही," ती म्हणाली. "नंतरचं नंतर." मग नवऱ्याकडे वळली. "अहो, करवत काढा. पलंग दोन इंचांनी अरुंद करायचेत."

"हं."

"हं काय? चारला बाई येणार. आत्ता सुरुवात केली तरच होईल."

"आधी उभे तरी करू," सुतार म्हणाला आणि फळ्या खांद्यावर घेऊन आत गेला. त्याची मान नको तितकी खाली होती. बावीस वर्षं संसार केलेल्या बायकोला त्यातच कळायला हवं होतं, पण तिचं डोकं करवतीत होतं.

पहिला पलंग खिळ्याविना, खाचांत खाच बसवून उभा राहिला. काम देखणं होतं, कडा अशा घासलेल्या की रेशीम फिरवलं तरी धागा निघू नये. कापायचं कुठून हे बघायला मास्तरने आडवी टेप लावली.

चौतीस.

तिने लांबी घेतली. सत्तर. धावत जाऊन भिंतीला टेकवलेलं कपाट मोजलं. बावीस.

"अहो!" असा आवाज निघाला की बाहेर ड्रायव्हरने बिडी टाकली. "मी छत्तीस सांगितलं होतं! नेमकं म्हणून सांगितलं होतं! सूतसुद्धा इकडेतिकडे नको म्हटलं होतं!"

सुताराने हातातली लाकडी हातोडी खाली ठेवली. सुटका नाही असं दिसल्यावर तो आयुष्यात पहिल्यांदा सलग बोलला. "लग्नानंतर तू पहिलं माप दिलंस ते फडताळाचं. दोन इंच मोठं झालं, कोनाड्यात शिरेना. तेव्हापासून तू सांगतेस त्यातून मी दोन वजा करतो. दर वेळी. पाळणा, पेटी, दार, सगळं. नेमकं तर तू दर वेळीच म्हणतेस."

"आणि मला वाटायचं," मास्तर म्हणाली, "मी दोन जास्त सांगते म्हणूनच तुमच्या वस्तू बरोबर बसतात!"

बावीस वर्षं ती वाढवत होती आणि तो कापत होता, आणि दोघांनाही वाटत होतं की घर आपल्याच शहाणपणावर चाललंय. या एकाच वेळी ती खरं बोलली होती, आणि या वेळीही त्याने तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

दारातून सासूच्या हसण्याचा आवाज आला. वॉकरला धरून ती गदगदा हलत होती. "आणि लोक म्हणतात, नवराबायकोनं एकमेकांना ओळखायला हवं!"

"आई," पोपट म्हणाली. दोन महिन्यांची साठलेली अक्कल तिने एका प्रश्नात खर्च केली. "मग आता वाट किती झाली?"

मास्तरचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चौतीस आणि बावीस, छप्पन्न. चौऱ्याऐंशीतून छप्पन्न गेले. तिने मनातल्या मनात तीनदा वजाबाकी केली. अठ्ठावीस.

"करवत ठेवा आत," ती म्हणाली. आवाज अजून रागातलाच होता, कारण तो एकदम खाली आणायला जीभ तयार नव्हती.

तीनपर्यंत सगळं लागलं. सुतार अंदाज घ्यायला वरच्या बिछान्यावर आडवा झाला. तो चांगला सहा फूट, बिछाना सत्तर इंच. त्याच्या दोन्ही टाचा बाहेर लटकल्या.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," सासू म्हणाली. "हा पाय पाहूनही अंथरूण कापून बसला!"

चारच्या ठोक्याला मेट्रनबाई आल्या. त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले, कोपरं बाहेर काढली आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत गेल्या. कोपरं कुठे घासली नाहीत असं नाही, पण अंग चोरावं लागलं नाही. खिडकीशी थांबून त्यांनी पलंग हलवून पाहिला. हलला नाही. खालचा बिछाना, वरचा बिछाना, टेबल, त्याखाली नीट लावलेले डबे. सगळं पाहून झालं. मग त्या वळल्या, आणि त्यांना दारात वॉकर दिसला.

"हे तुम्ही सांगितलं नव्हतंत."

"मलाच आज सकाळी कळलं," मास्तर म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. "पण वाट अठ्ठावीस इंच आहे आणि हा साडेपंचवीस. जातो."

"जायला जाईल. खिडकीशी पोचल्यावर वळणार कुठे? वॉकर घेऊन वळायला तीन फूट लागतात. म्हातारी माणसं चालताना पडत नाहीत, बाई. वळताना पडतात. मी तीस वर्षं उचलली आहेत."

मास्तरने सगळं मोजलं होतं, वळणं मोजलं नव्हतं. टेप सरळ रेषेतच चालते. तिने टेबलाकडे पाहिलं. याच टेबलावर रात्री जास्तीचं काम करून ती भाड्याला हातभार लावणार होती. जाऊ दे टेबल, ती म्हणणारच होती, तेवढ्यात सासूने एक हात वर केला.

"जरा बाजूला व्हा सगळे."

टक, टक, टक. सासू वाटेतून निघाली. दोन्ही बाजूंना बोटभर मोकळीक होती. पोपट दाराशी उभी राहून पावलं मोजत होती. खिडकीशी, दुसऱ्या पलंगापाशी सासू पोचली, पाठीमागे हात नेऊन कड चाचपली आणि खालच्या बिछान्यावर बसली. अगदी खुर्चीवर बसावं तशी, ना धपकन, ना टेकत टेकत. बसल्या बसल्या तिने वॉकर उचलला, बिछान्याच्या मोकळ्या भागावरून फिरवून तोंड दाराकडे केलं आणि पुन्हा खाली ठेवला. स्वतः बसूनच फिरली. मग गुडघ्यांवर जोर देऊन उठली. ती दाराकडे तोंड करून उभी होती.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"आमच्या न्हाणीघरानं. ते याहून अरुंद होतं."

बाई वाकल्या आणि पलंगाच्या कडेची उंची वितीने पाहिली. "या उंचीवरून सहज उठता येतं. इस्पितळातल्या खाटाही इतक्या बरोबर नसतात. हे माप कुणाचं?"

सगळ्यांनी मास्तरकडे पाहिलं. मास्तरने उंचीचं माप दिलंच नव्हतं.

"आईच्या गुडघ्याचं," सुतार म्हणाला, आणि त्याने त्या दिवसाचे उरलेले शब्द संपवले.

मेट्रनबाईंनी पिशवीतून करारनाम्याचा कागद काढून कापायच्या टेबलावर ठेवला. पेनाचं टोपण काढलं. "राहणारी माणसं किती लिहू?"

"तीन," सासू पटकन म्हणाली. "मी काय, आले-गेले. बाई, खरंच सांगते. मी चालले, तुमचं समाधान झालं, पुरे झालं. उद्या मी पडले तर पोरांच्या डोक्यावरचं छप्पर जायचं." बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. साडेचार वाजायला आले होते. "बघा, तो बोलावतोयच."

मेट्रनबाईंनी पेन धरून ठेवलं. त्या मास्तरकडे बघत होत्या.

"चार," मास्तर म्हणाली आणि खोलीबाहेर पडली.

ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी गाठोडं ठेवलेलं होतं. दोन लुगडी, एक शाल आणि औषधांची पिशवी, दुसरं काही नाही. सत्तर वर्षांचं आयुष्य एका हाताने उचलता आलं, याचंच तिला आतून भडभडून आलं. ड्रायव्हर म्हणाला, "आजी यायच्या होत्या ना?"

"नाही यायच्या. तुम्ही निघा."

ती आत आली आणि गाठोडं खिडकीपाशी, खालच्या बिछान्यावर ठेवलं. "आई, मी फोनवर किती बिछाने सांगितले होते?"

सासू वॉकरची मूठ चाचपू लागली.

"चार सांगितले होते. तुमचा पाय धड आहे असं वाटत होतं तेव्हाही चार, मोडलाय हे कळल्यावरही चारच. बावीस वर्षांत मी हे एक माप नेमकं दिलंय. त्यातलं कुणी कमी करायचं नाही."

टेबलावर पेन चालल्याचा आवाज आला. मेट्रनबाईंनी आकडा लिहिला, त्यापुढे अक्षरातही लिहिला, इस्पितळात डोस लिहीत तसा. बाहेर ट्रक सुरू झाला, गल्लीच्या टोकाला वळला आणि त्याचा आवाज विरला.

सासूने गाठोड्यावर हात ठेवला. पदराने नाक पुसलं, मग वळून सुनेकडे पाहिलं.

"उभी काय राहिलीस? चहा ठेव," ती म्हणाली. "आणि साखर जरा बरी घाल. या बाईंनाही दे."

मास्तर लगबगीने डब्यांमध्ये साखर शोधू लागली.